नेलपॉलिशचे ठिपके

सौदीतल्या अल-खोबरच्या गॅरेजमधला तो रत्नागिरीकडचा मेकॅनिक बॉनेटला कान लावून डोळे मिटायचा. मला ते नाटकच वाटायचं. हा चांगले पार्ट काढून जुने बसवेल, म्हणून मी माझ्या छोट्या गाडीच्या चार पार्टांवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले होते.

त्या दिवशी माझ्या गाडीशेजारी एका सौदी म्हाताऱ्याची जुनी, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी गुरगुरत होती. म्हातारा चावी टाकून खुशाल निघून गेला होता.

"ही जरा दुखलं की बोंबलते," मेकॅनिक म्हणाला. "तुमची छोटी बंद पडेपर्यंत गप्प. तिच्यावर नजर ठेवावी लागते."

संध्याकाळी चावी देताना तो हसला. "साहेब, एक ठिपका पुसला गेला होता. परत लावलाय."

घरी येऊन घाईघाईने बॉनेट उघडलं. चारही ठिपके सारखेच लाल होते. त्यातला त्याचा कुठला, ते मला अजून कळलेलं नाही.