झाकण न लावता

भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात रक्ततपासणीच्या यंत्रांसाठी ब्रश नसलेल्या मोटरींचे कंट्रोल बनत. मोटर किती करंट घेते हे मोजणारा भाग परदेशातून यायचा. तो परवडेना, म्हणून साहेबांनी स्वस्तातला पर्याय शोधायचं काम माझ्यावर सोपवलं. कॉलेजातून बाहेर पडून मला वर्षही झालं नव्हतं. मी तांब्याची एक बारीक पट्टी निवडली.

तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि करंट आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, हे मला शाळेपासून इंग्रजीत पाठ होतं. पण मी पट्टी तपासली तेव्हा पंखा चालू होता, कंट्रोलची पेटी उघडी होती. आमच्याकडे सगळ्या चाचण्या तशाच होत. झाकणाचे आठ स्क्रू कोण लावत बसणार? मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही.

वायरमन चाकणकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. पट्टी जोडताना म्हणाले, "बाई, झाकणाखाली ही तापंल की वो."

"मी मोजलंय." माझा आवाज किती कोरडा लागला, ते मलाच ऐकू आलं.

"मंग न्हाई तापायची," ते हसले. "इंजिनेराला भितीय ती."

उन्हाळ्यात पेट्या परत आल्या. मोटरी मध्येच बंद पडत होत्या. साहेबांनी सगळ्यांसमोर वायरमनना विचारलं, "काका, सोल्डरिंग करता का थुंकी लावता?" कोणीतरी खिदळलं. वायरमननी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मीटरच्या वायरी गुंडाळत राहिले. शनिवारी हिशेब घेऊन जा, असं त्यांना सांगण्यात आलं.

गुरुवारची सुट्टी झाल्यावर, शुक्रवारी मी लवकर आले. परत आलेल्या एका पेटीत मीटरच्या वायरी जोडून बाहेर काढल्या, झाकण लावलं, आठही स्क्रू आवळले आणि मोटर चालू केली. आकडा चढत गेला. चहा यायच्या आत तो मर्यादेपलीकडे गेला आणि कंट्रोलने मोटर थांबवली. सोल्डरिंग शाबूत होतं.

आकडे कागदावर उतरवून मी केबिनच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते मनात दहा वेळा जुळवलं होतं.

"बोला मॅडम."

"नवीन वायरमन कधी येणारेत?" मी विचारलं.

"सोमवारी. या वेळी तरुण बघितलाय."

मी बरं म्हटलं. शनिवारी कामावर गेले नाही.