काकूची रास

फिनेलराव हे त्याचं खरं नाव नव्हे. प्राणिसंग्रहालयात गेंड्यांच्या गोठ्यावर त्यानं बावीस वर्षं काढली आणि एकही दिवस फरशीवर डाग ठेवला नाही, म्हणून सोबत्यांनी पाडलेलं. आधी लीद उचलायची, मग पाण्याचा मारा, मग फिनेल आणि खराटा, पुन्हा पाणी. कोपरे गुडघ्यावर बसून. दोन तास मोडायचे.

गोठ्यातली मादी म्हणजे काकू. दोनदा गाभण राहिली, दोनदा गाभडली. तिसऱ्यांदा राहिली तेव्हा संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. रोज सकाळी चमचाभर लीद डबीत भरून बर्फपेटीत ठेवायची. जनावर भेदरलेलं असलं की लिदीतून कळतं, असं त्या सांगत.

दहा महिन्यांनी बाईंनी त्याला बोलावलं. कागदावर काकूच्या भीतीची रेघ उंच चाललेली आणि मध्येच खड्डा.

"हे पंधरा दिवस काकू शांत होती. काय वेगळं होतं तेव्हा?"

त्यानं तारखा पाहिल्या. लेकीच्या बाळंतपणाला तो रजेवर होता.

"मी नव्हतो."

शेजारी उभा असलेला गोठ्याचा मुकादम फसकन हसला. "म्हणजे काकू तुलाच भिते होय रे!"

घरी जेवताना त्यानं बायकोला विचारलं, "आधीची दोन पोरं माझ्यामुळं गेली असतील का गं?"

"असल्या शंका मला नका विचारू," बायको म्हणाली. "बाईंना विचारा. आणि काही लपवू नका."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला आणि रजेत त्याच्या जागी आलेल्या सावकाशला कामाची रीत विचारली. सावकाश नावासारखाच. बोलणी बसणार म्हणून आधीच कंबर धरून उभा. "सगळं झाडायचो, बाई. कोपऱ्यातली लिदीची रास तेवढी राहायची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज त्याच कोपऱ्यात टाकते?"

"रोज," फिनेलराव म्हणाला. "मी खरवडून काढतो."

"त्या वासावरच गेंडा आपली जागा ओळखतो. तुम्ही रोज तिचं घर पुसून टाकताय, असं मला वाटतं. आता रास ठेवून बघू."

"बावीस वर्षं राबला हा, आणि पास झाला सावकाश!" मुकादम म्हणाला. कुणी हसलं नाही.

सकाळी त्यानं बाकीचा गोठा धुतला. राशीपाशी हात थांबले. ठेवली तर घाणीनं तिचे पाय सडतील, काढली तर पोर जाईल. त्यानं रास ठेवली आणि बाहेरून अडसर ओढून काकूला आत सोडलं.

रोज काकू आत आली की भिंतीकडेनं फुरफुरत फिरायची, गजांवर शिंग आपटायची. तो तिचा स्वभाव, असं तो धरून चालला होता. आज ती सरळ कोपऱ्यात गेली. हुंगलं. राशीवर लीद टाकली, मागच्या पायांनी विस्कटली आणि धप्पकन आडवी झाली.

सकाळी ती कधी बसलेलीसुद्धा त्यानं पाहिली नव्हती. गज धरून तो पोटाकडे बघत राहिला. पोट वर आलं. खाली गेलं. मग कुशीपाशी आतून काहीतरी ढकलल्यासारखं हललं.

अजून पाच महिने काढायचे होते. त्यानं फिनेलचा डबा उचलला, मुकादमाच्या कपाटात ठेवला आणि किल्ली त्याच्याच हातात दिली.

"माझ्याकडं नको," तो म्हणाला. "हाताला सवय आहे."