पडलेली गाडी उठवून दाखव

किसन मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत म्हशीच्या पोटात होता. पुसेगावच्या गुरांच्या दवाखान्यात मी नोकरीला आहे. अडलेली म्हैस, आत रेडकाचा पाय दुमडलेला, आणि एसटीतून उतरून थेट फाटकात येऊन उभा राहिलेला मामाच्या गावचा माणूस. "सुखदेव, किसनराव गेले सकाळी. चल," तो म्हणाला. "हात मोकळा झाला की बघतो," मी म्हणालो. रेडकू जिवंत निघालं. मी हात धुतले, त्या माणसाला चहा पाजला, परतीच्या गाडीत बसवून दिलं आणि मी गेलो नाही. आईचा सख्खा भाऊ, ज्याच्या घरी राहून मी शाळा शिकलो, त्याच्या मातीला गेलो नाही. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. या पुरवणीतले तसे लेख मी वाचतो. त्यातला प्रत्येक जण दिलदार असतो, हसतमुख असतो, आणि त्याला म्हणे अखेरपर्यंत कुणाबद्दल तक्रार नसते. असली माणसं जिवंतपणी कुठं राहतात कोण जाणे, मला तरी एकही भेटलेला नाही. किसन मामा दिलदार नव्हता, हसतमुख तर मुळीच नव्हता. समोर होता तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचो. गेली चार वर्षं मनातल्या मनात अरे-तुरेवर आलो होतो. इथेही तेच ठेवतो.

मामा बैल पारखायचा. हट्टा नावाच्या गावाअलीकडे त्याचं खेडं, पण त्याची खरी वस्ती जवळा बाजारच्या आठवडी बाजारात. बैल घ्यायला निघालेला शेतकरी आधी मामाला शोधायचा. मोठमोठे बागायतदार त्याच्या एका मानेच्या हलण्यावर जोडी घ्यायचे किंवा सोडायचे, आणि व्यवहार झाला की त्याला वेगळ्या कपात चहा द्यायचे. मामा तो कप घेऊन तितक्याच ऐटीत फुरके मारायचा. मला त्या कपाचा राग यायचा आणि त्या ऐटीचाही. बाकीचे दलाल बैलाचे दात बघत, खांदा दाबत, शेपूट पिरगाळून चालवून बघत. मामा आधी बैलाकडे बघायचाच नाही. तो घेणाऱ्या माणसाच्या हातात कासरा द्यायचा आणि म्हणायचा, "चार पावलं फिरून ये." कोण कुणाला ओढतंय, एवढंच तो बघे. बैल कितीही देखणा असो, माणसाच्या मापाचा नसला की मामा म्हणायचा, "न्हाई." का, ते सांगायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "काहून विचारतो? तुझा हात बघ की कसा थरथरून राहिला." आणि हे भरबाजारात, चार माणसांसमोर. समोरच्याला काय वाटेल ही गोष्ट त्याच्या डोक्यातच नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मला ही नोकरी लागली. खेड्याखेड्यांतून बोलावणी येत, सायकलवर निम्मा दिवस जाई, आणि पोचेपर्यंत कधीकधी ढोर मेलेलं असे. साहेबांनी सांगितलं, फटफटी घे. नवी गाडी नंबर लावून कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. अशात कळलं की दुष्काळी कामांवरचा एक ठेकेदार आपला तळ हलवतोय आणि त्याच्या दोन गाड्या विकायच्या आहेत. एक साडेतीनशे सीसीची, काळी, रुंद टाकीची. चालू केली की छातीत डगडग व्हायचं. दुसरी त्याच्या मुकादमाची, बारकी, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारी, आवाज टर्र असा, एका बाजूनं रंग उडालेली. मी बावीस वर्षांचा होतो. उंचीनं जेमतेम, अंगानं काडी. आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीवर दोनदा बसलो होतो, तेही मागे. पण काळी गाडी बघितली आणि माझं ठरलं. ती घेऊन मी गावात शिरतोय, पारावरची माणसं उठून बघताहेत, हे सगळं मला तिथल्या तिथे दिसलं. आई म्हणाली, "मामाला घेऊन जा." आमच्या घरात कोंबडीसुद्धा मामाला विचारल्याशिवाय घेत नसत.

बाजाराचा दिवस होता. ठेकेदारानं दोन्ही गाड्या चिंचेखाली आणून लावल्या होत्या. त्यानं काळी गाडी एका किकमध्ये चालू करून दाखवली. मामानं आधीच इंजिनावर तळहात टेकवून बघितला होता. "गरम करून आणली," तो माझ्या कानात पुटपुटला, "बाजारात आणायच्या आधी बैलाला गूळ चारतेत तशी." मग मला म्हणाला, "बंद कर. आता झाडाभोवती ढकलून आण." मी ढकलली. घाम फुटला, पण आणली. "आता आडवी पाड."

ठेकेदार ओरडला, "अरे भाई, गाडी है, बैल नहीं!"

"पाड म्हणलं ना," मामा मला म्हणाला. मी हळूच पाडायला गेलो, पण तिच्या वजनानं ती हातातून सुटली आणि धाडकन आडवी झाली. टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळायला लागलं. "आता उठव," मामा म्हणाला. मी हँडल धरलं, गुडघे टेकले, पाठ लावली. गाडी वीतभर उठे आणि परत बसे. तोवर माणसं जमली होती. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मामा हसला नाही. ते जास्त वाईट होतं. "पडलेली उठवता येत न्हाई त्यानं ती धरू न्हाई," तो म्हणाला. "शेळी घे तू. बारकी घे." ठेकेदाराच्या दोन माणसांनी काळी गाडी उभी केली. बारकी मी एकट्यानं पाडली, एकट्यानं उठवली. मामानं मान हलवली. माझी पहिली मोटारसायकल अशी ठरली. तिच्यासाठी मी कधी हौसेनं हार आणला नाही.

त्या बारक्या गाडीनं मला दगा दिला नाही, हे लिहायला मला जड जातं. चिखलात घसरली, नाल्यात बसली, दोनदा माझ्यासकट आडवी झाली. प्रत्येक वेळी मी तिला उठवलं आणि पुढं गेलो. पण दूरच्या गावात शिरताना पोरं "शेळी आली, शेळी आली" करायची, कारण बाजारातली ती गोष्ट सगळीकडे पसरली होती. प्रत्येक हाकेला मी मामाला शिव्या घालायचो. मनात, आणि कधी कधी मोठ्यानंही.

मामाचा मुलगा प्रल्हाद माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही एका ताटात जेवलेले. बापासारखा तो अजिबात नव्हता, बोलका होता, कुणाशीही हसायचा. माझी बारकी गाडी तो कोरड्या नदीच्या पात्रात शिकला, मीच शिकवली. गावोगावच्या बाजारांना फिरायला त्यालाही गाडी हवी झाली आणि मामा त्याच्यासाठी बारकी गाडी शोधू लागला. माझ्यासारखीच. एका रविवारी मी तिकडे गेलो तेव्हा अंगणात चार पाहुणे बसलेले, प्रल्हाद तोंड पाडून उभा, मामा त्याला सांगत होता की थोरल्या गाडीचं नाव काढू नको. मला वाटलं, आता माझी पाळी. मी पाहुण्यांकडे बघून म्हणालो, "मामा, भाच्याला शेळी दिली ते ठीक. आता पोटच्या पोरालाबी शेळीच का? का तुमचं पोरगंच शेळीच्या मापाचं हाय?"

पाहुणे खो खो हसले. मामानं माझ्याकडे बघितलं. तो उठून गोठ्याकडे गेला. पुढच्या आठवड्यात तो वसमतला गेला आणि तीच काळी साडेतीनशेची गाडी घेऊन आला. मधल्या काळात ती तिथल्या एका माणसाकडे गेली होती. मी मुद्दाम बघायला गेलो. मामानं ती ढकलून बघायला लावली नाही, पाडायला लावली नाही. प्रल्हाद आनंदानं वेडा झाला होता. पाडून उठवायला लावा, असं मला तेव्हा म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. मामाला मी हरवलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

सव्वा महिना झाला असेल. जवळा बाजारकडून येताना, डांबरीकरणासाठी गिट्टी पसरलेल्या वळणावर प्रल्हादची गाडी घसरली आणि त्याला घेऊन कडेच्या चारीत गेली. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बैलगाडीवाला तिथं पोचला तेव्हा उन्हं कलली होती. प्रल्हादला मार फारसा नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. गाडी छातीवर होती आणि त्याला ती बाजूला करता आली नाही.

मातीच्या वेळी मी सगळ्या गावासमोर मामाला म्हणालो, "तुमीच मारलं त्याला. मला पाडून दाखव म्हणलात, पोराला काहून न्हाई म्हणलात? तुमाला कळत व्हतं." गर्दीतून कुणी मला अडवलं नाही. अंगणात ते चार पाहुणेही होते, त्यांनी माना खाली घातल्या. मामा म्हणाला, "व्हय. म्याच आणली. माझी हौस." पुढेही ज्यानं ज्यानं विचारलं, पंचनाम्याला आलेल्या जमादारापासून सोयऱ्यांपर्यंत, त्याला मामानं हेच सांगितलं. माझी हौस. त्यानंतर तो कधी बाजारात गेला नाही. शेतकरी घरी बोलवायला यायचे, तो म्हणायचा, "मला दिसत न्हाई." मीही त्या घरात पाऊल ठेवलं नाही. बापानं पोरगं मारलं, हे मी सगळीकडे सांगत फिरलो. चार वर्षं.

जलदान विधीला मात्र आईनं मला ओढून नेलं. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून बोलू लागला. मामाची नजर कशी होती, मामानं कुणाची कोणती जोडी निवडून दिली होती... शिकलेला म्हणून मलाही उभं केलं. "त्याच्या पारखीबद्दल मी काही बोलणार नाही," एवढं म्हणून मी बसलो. कुजबुज झाली. जेवणं उरकल्यावर मामी म्हणाली, "सुखदेव, आत ये."

मामाच्या खोलीत एक बाज होती आणि तिच्या समोरच्या भिंतीवर एकच फोटो. गाडी आली त्या दिवशी जवळा बाजारच्या फोटोवाल्यानं काढलेला. मामानं त्याची प्रत विकत घेऊन ठेवली हे मला माहीत नव्हतं. प्रल्हाद गाडीवर बसलाय, मामा मागे ताठ उभा, आणि मी हँडलवर हात टाकून पुढे. तिघांत सगळ्यात जास्त मी हसतोय, दात दाखवून. मामा रोज याच फोटोकडे तोंड करून झोपायचा.

"तू बोललास ते मी चुलीपासून ऐकलं व्हतं," मामी म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, भाकरी वाढताना असतो तसा. "शेळीचं. पोरगं गेल्यावर म्या यांना म्हणलं, जाते आन् सुखदेवला इचारते, आता कोणाच्या मापाचं व्हतं ते सांग म्हणते. यांनी दारात आडवं होऊन मला धरलं. म्हणले, त्याला ते बोलणं आठवत असंल तर त्याला ठावंच हाय. आठवत नसंल तर कशाला आठवून द्यायचं? लेकरू हाय, जल्मभर कुढंल."

मी बाजेवर बसलो. मामाचा मला आयुष्यभर राग आला, पण त्या वेळी आला तितका कधीच आला नव्हता. शिवी दिली असती तर मी परतफेड केली असती. चारचौघांत माझं नाव घेतलं असतं तर भांडलो असतो. त्यानं मला भांडायलाही जागा ठेवली नाही, आणि आता तर तोच नाही.

"आठवतं मला, मामी," मी म्हणालो. चार वर्षांत हे पहिल्यांदा तोंडातून निघालं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "म्हणून तर तू येत नव्हतास."

मी तिच्याकडे तो फोटो मागितला. काढून टाकायचा होता की जवळ ठेवायचा होता, मलाही सांगता येणार नाही. मामीनं पदरानं काच पुसली. "फोटो न्हाई देणार," ती म्हणाली. "माझी तिघं हायेत त्यात. दोघं गेले. तू तेवढा येत जा."

या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी अजून गेलेलो नाही.