खणखणीत आवाजात घेतलेलं शील

घरातून निघताना माझी फुगलेली सॅक पाहून बायको म्हणाली, "नेऱ्याला चाललायस, लडाखला नाही." खारघरहून नेरे तासाभरावर, पण माझा चेहरा मोहिमेवर निघालेल्या माणसाचा होता. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि तेव्हापासून "गोडाला हात लावला नाही" असं मी तिला रोज तोंड वर करून सांगत होतो. तिचा विश्वास उडत चालला होता, म्हणून तिथल्या बौद्ध विहारात एक रात्र शिस्तीत राहून दाखवतो, असं मीच जाहीर केलं होतं. वाटेत पनवेलच्या बाजारात चार बेसनाचे लाडू घेऊन मी ते मोज्यांच्या पिशवीत दडवले, ही गोष्ट वेगळी.

विहार शेताच्या कडेला, मागे प्रबळगड. पौर्णिमा असल्याने गावोगावच्या उपासिका आल्या होत्या. भंते (बौद्ध भिक्खू) पालीत एकेक शील, म्हणजे पाळायचा नियम, सांगत आणि मागून सगळे म्हणत. शाळेत संस्कृतला पैकीच्या पैकी मिळवलेला मी. सगळ्यांच्या वरताण आवाज लावला. शेजारी बसलेल्या सुंदराआजी दोनदा वळून बघत होत्या. उच्चार आवडले असणार, असं मी धरून चाललो.

अकराला जेवण. भात, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. पाहुण्याने हावरटपणा करू नये म्हणून मी एकाच भाकरीवर थांबलो. दुपारी चारला मात्र राहवेना.

"आजी, रात्री जेवायला किती वाजता बसतात?"

"कसलं जेवन? सकाली अष्टशील घेतलं ना तुमी? विकालभोजना म्हंजे बारानंतर खायाचं नाय. आता उद्या सकाली पेज."

"मला अर्थ माहीत नव्हता हो."

"मंग एवढ्या मोठ्यानं कशाला म्हनलं?"

मी घड्याळात बघून पेजेपर्यंतचे तास मोजू लागलो.

संध्याकाळी पोटात कावळे ओरडू लागले तसा मी मोज्यांची पिशवी घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेलो. एकच खायचा होता. पिशवी रिकामी झाल्यावरच थांबलो. परतताना आजी पायरीवर बसल्या होत्या.

"काय खाल्लं नाय ना?"

"छे!"

ते 'छे' इतकं सहज निघालं की मलाच कौतुक वाटलं. घरचा सराव होता. मग चटईवर आडवा झालो. उंच बिछाना नको, हेही मी सकाळी खणखणीतपणे कबूल करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पंचशील होतं. या वेळी मी भंतेंना पाचही शीलांचा अर्थ आधीच विचारून घेतला. चौथं आलं, मुसावादा. खोटं बोलणार नाही. सगळ्यांनी म्हटलं, मी नुसतं पुटपुटलो. मला लाज वाटली, अगदी खरीखुरी. वंदना संपताच आजींपाशी गेलो.

"आजी, काल मी लाडू खाल्ले."

"ठावं हाय. मिशीला बेसन व्हतं. तुमी कवा सांगता, तेच बघत व्हते." एवढं बोलून त्यांनी पेजेची वाटी माझ्यापुढे सरकवली. तिची चव अजून तोंडात आहे.

घरी पोचलो तेव्हा बायको चहा गाळत होती. "काय मग? गोड खाल्लंस?"

'छे' अगदी ओठांवर तयार होतं. मी ते गिळलं. लाडवांपेक्षा जड गेलं.

"चार लाडू. आणि या चार महिन्यांतलं तर विचारूच नकोस."

तिची गाळणी हातातच राहिली. मग बिनसाखरेचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "उद्या रक्त तपासायला जाऊ. मी येते बरोबर."