भिंतीवरचे तीन ठोके

मास्तरीणबाई आयुष्यात कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. नवरा स्टेशनमास्तर, म्हणून त्या मास्तरीणबाई, एवढीच त्यांची मास्तरकी. एकदा गाडीतून उतरलेल्या कुणा बाईने "आपण काय शिकवता?" असं आदराने विचारलं, तेव्हा त्यांनी चेहरा न हलवता सांगितलं, "नवऱ्याला वेळेवर जेवायला यायला. सव्वीस वर्षं झाली, अजून पहिलीतच आहे."

गोष्ट कोळशाच्या इंजिनांच्या काळातली. स्टेशन म्हणजे एक फलाट, पाण्याची टाकी आणि एकच लांबट इमारत. अर्ध्या इमारतीत ऑफिस, अर्ध्यात बिऱ्हाड, आणि मध्ये नुसती फळ्यांची भिंत. पुढच्या स्टेशनाशी बोलायची घंटा ऑफिसच्या बाजूने त्याच फळ्यांवर ठोकलेली होती. लाइन एकेरी, त्यामुळे दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. मागची सोडायची तर पुढच्या मास्तराला आधी घंटेने विचारायचं. त्याने तीन ठोके दिले तर रस्ता मोकळा, दोन दिले तर थांबा. तीन आले की तेच तीन परत वाजवून पोच द्यायची, परवानगीचा कागद लिहायचा आणि ड्रायव्हरच्या हातात ठेवायचा. त्या कागदाशिवाय साक्षात मोठा साहेब जरी इंजिनावर चढला असता, तरी गाडी जागची हलली नसती.

हे सगळं मास्तरीणबाईंना चुलीपाशी बसून पाठ झालं होतं. नवी नवरी असताना त्यांनी पळीच्या दांड्याने भिंतीवर तीन ठोके मारून मास्तरांना जेवायला बोलावलं होतं. "तुमच्या खात्यात तीन म्हणजे या, मग घरात का नको?" मास्तर पोट धरून हसले होते, आणि तेव्हापासून तोच रिवाज पडला. रोज साडेबाराला, दोन्हीकडून एकही गाडी नसताना, भिंतीवर तीन ठोके पडत आणि मास्तर टोपी काढून जेवायला येत.

अलीकडे मात्र मास्तरांचं लक्ष नसे. बोललेलं निम्मं वाऱ्यावर जाई आणि उरलेल्या निम्म्याला ते "हं" म्हणत. टेबल त्यांनी भिंतीला अगदी चिकटवून घेतलं होतं आणि डावा तळवा सदा त्या फळ्यांवर टेकलेला असे. मास्तरीणबाई म्हणत, वय झालं की माणूस टेकायला भिंत शोधतोच. नोकरीचे आठ महिने राहिले होते. ते पार पडले की पेन्शन सुरू होणार होती. दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात होत्या, पण यांना स्वतःचं असं छप्पर नव्हतं. बिऱ्हाड खात्याचं, पलंग खात्याचा, दारातली बादलीसुद्धा खात्याची. पेन्शन बुडाली तर जायचं कुठे, हा विचार मास्तरीणबाई दिवसातून एकदा करत आणि झाडून टाकत.

त्या दिवशी वेळापत्रकाचा पार बोऱ्या वाजला होता. सकाळची पॅसेंजर तीन तास उशिरा आली आणि बारा वाजता निघाली. इंजिन दम्याच्या रोग्यासारखं धापा टाकत होतं. ती जाते न जाते तोच मागून मालगाडी येऊन फलाटाला लागली. पॅसेंजर पुढे पोचली का, हे मास्तरांनी घंटा वाजवून विचारलं आणि ते उत्तराची वाट पाहत बसले.

इकडे मास्तरीणबाईंचा स्वयंपाक झाला. घड्याळात साडेबारा झाले. मालगाडी उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण बोलावलं की अर्ध्या तासाने उगवणारा नवरा, आताच ठोकलेलं बरं, म्हणून त्यांनी पळीचा दांडा भिंतीवर तीनदा आपटला.

भिंतीपलीकडे मास्तरांनी लगेच घंटेवर तीन ठोके वाजवले. खुर्ची सरकली. बाईंना नवल वाटलं, आज स्वारी इतक्या लवकर उठली! पण पावलं बिऱ्हाडाकडे न येता फलाटाकडे गेली.

मग घंटा वाजली. दोन ठोके. क्षणभर थांबून पुन्हा दोन. पुन्हा दोन, आता घाईघाईने, बुडणाऱ्याने हाका माराव्यात तसे.

मास्तरीणबाई ऐकत राहिल्या. पुढचा माणूस थांबा म्हणून ओरडतो आहे आणि ऑफिसात कुणी नाही. तेवढ्यात इंजिनाची शिटी झाली, साखळ्या ताणल्या गेल्या आणि डबे हलले.

त्या होत्या तशा धावल्या. फलाटावर मास्तर पाठमोरे उभे होते. हातात हिरवा झेंडा, काखेत गुंडाळलेला लाल. डबे एकामागून एक सरकत होते. "अहो, थांबवा! दोन वाजतायत, दोन!" बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. शंभर पावलांवर असलेला, रूळ बदलणारा सांधेवाला दचकून वळला. दहा पावलांवरचे मास्तर वळले नाहीत.

बाई आणखी जवळ गेल्या आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहून ओरडल्या. मास्तरांच्या मानेचा केसही हलला नाही.

विचार करायला वेळ नव्हता, आणि तेच बरं झालं. त्यांनी मास्तरांच्या काखेतला लाल झेंडा ओढून काढला आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डापुढे दोन्ही हातांनी फडकवला. गार्डाने डोळे विस्फारले, मग ब्रेकचं चाक गरगर फिरवलं. लोखंड किंचाळलं, डबे एकमेकांवर आदळले आणि पुढे जाऊन गाडी एकदाची थांबली.

मास्तर बायकोकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग होता. बाईंनी दोन बोटं वर केली. राग गेला आणि चेहरा पांढराफटक पडला.

"दोन?" ते म्हणाले. "नाही गं. तीन आले. हाताला लागले मला. फळी तीनदा हलली."

"तुम्हाला ऐकू..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते, डोळ्यांकडे नाही. किती दिवस हे असं ओठांकडे बघणं चाललं होतं कोण जाणे.

"मग तीन कुणी दिले?" मास्तरांनी विचारलं.

बाईंच्या झेंड्याच्या हातात अजून पळी होती. त्यांनी ती पाहिली, मास्तरांनीही पाहिली. बाईंना वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

गार्ड धापा टाकत आला. चांगला माणूस, जाता-येता पाणी मागून घेणारा. "वहिनी, झेंडा तुम्ही दाखवलात? झालं काय?"

"चाकातून धूर येत होता, भाऊजी," मास्तरीणबाई म्हणाल्या. इतकं सरळ खोटं आयुष्यात त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं. जीभसुद्धा अडखळली नाही.

गार्डाने चाकांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, घंटेचा गोंगाट ऐकला. तो काही दुधखुळा नव्हता. ड्रायव्हरकडून परवानगीचा कागद परत आणून त्याने तो मास्तरांच्या टेबलावर उलटा ठेवला. "चाक गरम, एवढंच लिहितो मी," तो हळूच म्हणाला. "आठ महिनेच राहिलेत ना वहिनी? झाकली मूठ."

मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. चार माणसांच्या मनात ही गोष्ट राहील, आठ महिने आपण या ऑफिसात ठाण मांडू, घंटा आपण ऐकू आणि यांच्या खांद्यावर ठोके देऊ. उभ्या उभ्या त्यांनी सगळी तजवीज करून टाकली.

घंटा थांबली आणि तारेचं यंत्र कटकट करू लागलं. मास्तरांनी त्याच्या पट्टीवर बोट टेकवलं. ही त्यांची जुनी लकब, असं बाई समजत आल्या होत्या. बोटाने वाचून मास्तर एकेक शब्द कागदावर उतरवत गेले. मग तो कागद गार्डाने मोठ्याने वाचला.

खिंडीतून धावत पुढच्या स्टेशनात पोचलेल्या माणसाने खबर आणली होती, पॅसेंजरचं इंजिन खिंडीत बंद पडलं होतं. वळणाच्या पलीकडे, उतारावर. डब्यात उकडतं म्हणून माणसं खाली उतरली होती आणि गाडीच्या सावलीला, मागच्या रुळांवर बसली होती. बायका, पोरं, म्हातारे. आत्ता कुठे इंजिन सुरू झाल्याची शिटी ऐकू आली होती.

सांधेवाला दारातच खाली बसला. उताराला लागलेली मालगाडी कुणाच्या बापाला थांबली नसती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"कधीपासून?" बाईंनी मास्तरांसमोर जाऊन विचारलं.

"तीन वर्षं. आधी एक कान, मग दुसरा."

"मला का नाही सांगितलंत? मला!"

"सांगितलं असतं तर माझ्यासाठी खोटं बोलत बसली असतीस," मास्तर म्हणाले. "एकट्यानेच चोर व्हावं म्हटलं."

बाईंना संताप आला. नवऱ्याचा आला आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण तो बोलला ते खरं होतं. तीन वर्षं रोज दुपारी त्यांनी त्याच फळ्यांवर तेच तीन ठोके मारले होते. हजार दुपारी. त्या वेळेला गाडी नव्हती, एवढ्यावरच हजार वेळा निभावलं होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "चाक गरम नव्हतं. ते लिहू नका."

"वहिनी, विचार करा. बडतर्फ करतील. पेन्शन जाईल, घर जाईल."

"जाऊ दे. ती माणसं रुळांवर बसली होती." त्या मास्तरांकडे वळल्या आणि ओठ सावकाश हलवून म्हणाल्या, "तार करा वर. दुसरा माणूस पाठवा म्हणावं. कारणही कळवा."

मास्तरांनी वाद घातला नाही. उलट, कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवावं तसे त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी तार केली. थोड्या वेळाने घंटा वाजली, बाईंनी तीन बोटं वर केली, मास्तरांनी पोच दिली आणि नवा कागद लिहिला. गार्ड जाताना वाकून नमस्कार करून गेला. मालगाडी खिंडीकडे निघून गेली आणि स्टेशन रिकामं झालं.

मास्तर बाईंकडे पाठ करून टेबलाशी बसले. नव्या माणसाच्या हाती द्यायचं म्हणून रजिस्टरात रेघा ओढू लागले. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. रडू अनावर झालं. त्यांनी सवयीने तोंडात पदर कोंबला, नवऱ्याला कळू नये म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर काढला. त्या मोठ्याने, गळा काढून, ऊर फुटेस्तोवर रडल्या. दोन हात अंतरावर बसलेले मास्तर पट्टी नीट धरून रेघा ओढत राहिले.