परिषदेला निघालेला डबा

बरीच वर्षं मी खाण्यापिण्यावर ब्लॉग लिहीत होते, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी माझा चेहरा पाहिला नव्हता. फोटोत दिसायचे ते फक्त माझे हात. कधी भाकरी थापताना, कधी कोलंबी सोलताना. त्यामुळे मुंबईहून फूड ब्लॉगरांच्या परिषदेचं बोलावणं आलं तेव्हा आनंद झाला, आणि लगेच धास्तीही वाटली. आता हातांबरोबर मलाही जावं लागणार होतं.

प्रत्येकानं आपल्या गावचा एखादा कोरडा खाऊ आणायचा आणि उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची, असं ठरलं होतं. खाऊचा प्रश्न सासूबाईंनी तिथल्या तिथे सोडवला. तांदळाची बोरं. तांदळाच्या पिठात गूळ घालून बोराएवढे गोळे वळायचे आणि तळायचे. आमच्याकडे कुणी परगावी निघालं की सासूबाईंचा हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. ओळखीचा प्रश्न मात्र माझ्या गळ्यात राहिला.

त्या गोळे वळत होत्या आणि मी समोर उभी राहून भाषणाचा सराव करत होते.

"नमस्कार. मी रेवसजवळच्या एका छोट्याशा गावातून आले आहे."

"छोटंसं कशाला म्हणतेस? दोन देवळं हायत आपल्या गावात."

शेजारच्या काकू डोकावल्या. सासूबाईंनी आळीभर सांगून ठेवलं होतं की सून स्वयंपाकाच्या परीक्षेला चाललीय. काकूंनी काळजीनं विचारलं, "नापास झाली तर परत बसता येतं ना गं?"

मग कपडे. मी सुती साडी नेसून नवऱ्यापुढे उभी राहिले. तो म्हणाला, "शाळा तपासायला आलेल्या बाई वाटतेस." मी आत जाऊन ड्रेस घालून आले. "आता?" त्यानं नीट निरखून पाहिलं. "आता तपासणीला घाबरलेल्या बाई." मी साडीच नेसायचं ठरवलं. घाबरलेली दिसण्यापेक्षा घाबरवणारी दिसलेली बरी. हळदीनं पिवळी झालेली नखं लिंबानं इतकी घासली की बोटं चुरचुरायला लागली.

सकाळी नवऱ्यानं स्कूटरवरून धक्क्यावर सोडलं. ओहोटी होती. पाणी चढल्याशिवाय लाँच सुटणार नव्हती. मी मनात म्हटलं, सुटलीच नाही तर किती छान होईल, आणि पुढच्याच क्षणी तिकीट देणाऱ्याला विचारलं, "सुटेल ना हो?" त्या सकाळी मला दोन्ही गोष्टी सारख्याच मनापासून हव्या होत्या.

लाँच सुटली. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून समुद्राकडे तोंड करून पुन्हा सुरू केलं, "नमस्कार. मला खायला आणि खिलवायला आवडतं."

"माज्याशी बोलतेस का गो बाय?" शेजारून आवाज आला. रिकामी पाटी पायाशी ठेवून एक कोळीण बसली होती. भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला निघाली होती.

मी ओशाळून म्हटलं, "नाही, मावशी. पाठ करतेय."

"खायला आवडतं हे पाठ कराया लागतं?" ती एवढ्या मोठ्यानं हसली की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या डब्यावर गेली. "आनि खिलवायचं काय हाय त्यात?"

आता एवढं म्हटल्यावर डबा बंद ठेवणं शोभेना. मी उघडला. तिनं एक बोर तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं आणि डबा माझ्या हातातून सरळ पुढच्या बाकावर दिला. तिथून तो मागे गेला, मग पलीकडे, मग सुकाणूपाशी. प्रत्येक बाकावरून काहीतरी आवाज येत होता. "कुणी केलीत?" "सासूनं." "सासूला जप!" डबा परत आला तेव्हा तळ दिसत होता. आता परिषदेत मांडायचं काय? पण एक गंमत झाली होती. डबा फिरत होता तेवढा वेळ मी भाषण पार विसरून गेले होते.

हॉलमध्ये पोचले तर लांबलचक टेबलावर काचेच्या बरण्या मांडलेल्या. कुणाच्या बरणीला रिबीन, कुणाच्या बरणीवर छापील चिठ्ठी. मी आपला स्टीलचा डबा एका मोठ्या बरणीच्या आडोशाला ठेवला. माझी पाळी आली. माईक हातात आला आणि पाठ केलेलं एकूण एक वाक्य उडालं.

"डबा घरून निघाला तेव्हा भरलेला होता," माझ्या तोंडून निघालं.

मग सांगणं भागच होतं. कोळीण सांगितली, सुकाणूवाला सांगितला, सासूला जपायचा सल्ला सांगितला. लोक हसायला लागले तसा माझा आवाज सुटला, आणि वेळ संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. खाली उतरून बघते तर उरलेली बोरंही संपलेली. एक जण डबा तिरका करून कोपऱ्यात काही सापडतंय का बघत होता.

जेवणाच्या वेळी मात्र मी चक्रावले. गरमागरम जेवण समोर, आणि कुणी जेवेचना! सगळे फोन उंच धरून ताटांचे फोटो काढत होते. एक बाई तर खुर्चीवर उभ्या राहिल्या. आपण मागे पडू नये म्हणून मीही एक फोटो काढला. त्यात अर्धा अंगठा आला.

माझ्या शेजारी नागपूरहून आलेली एक डॉक्टर बसली होती. ती हळूच म्हणाली, "पहिल्यांदाच आलात?"

"हो. तुम्ही?"

"मी पण. भीतीनं कालपासून धड खाल्लं नाही हो."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं, फोन पर्समध्ये टाकले आणि जेवायला सुरुवात केली. आमचं दुसऱ्यांदा वाढून घेऊन झालं तरी समोरच्या टेबलावर आमटीला कुठला उजेड चांगला यावर चर्चा चालूच होती.