जाळी शिवणारे चाचा

पुस्तक हातात घेण्याआधी ते दोन्ही हात लुंगीला पुसायचे, हुंगून बघायचे आणि म्हणायचे, "बाय, कागदात गुंडाळून दे. हाताला मच्छीचा वास हाय."

रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयात मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासेमारीची जाळी दुरुस्त करणारे हे चाचा दर शुक्रवारी नमाजानंतर यायचे. तुम्हीही कधी पाहिलं असेल त्यांना. कादंबरी जाड हवी, एवढीच त्यांची अट.

ती कादंबरी ते एकट्याने वाचत नसत. दुपारी बंदरावर माणसं जाळी शिवायला बसली की चाचा मोठ्याने वाचायचे. मी एकदा गेले होते. कादंबरीतली बाई घर सोडून निघाली, तेव्हा आठ जणांचे हात थांबले होते.

पुढे तरुण पोरं कानात इयरफोन घालून बसू लागली. चाचांचा आवाज हळूहळू बारीक झाला.

"तुम्ही त्यांना ओरडत का नाही?" मी विचारलं.

"ओरडून कोण वाचायला लागतं, बाय?"

मग साखरेच्या आजाराने चाचांचे डोळे गेले. अर्धीच वाचलेली कादंबरी परत करायला ते नातीचा हात धरून आले. नात कॉलेजात जाणारी, इंग्रजी शाळेत शिकलेली.

"तू वाचून दाखव ना," मी म्हटलं.

"मावशी, मला मराठी धड वाचता येत नाही. मोबाईलवर ऐकायला मिळतं का बघते."

तिने मनापासून शोधलं. मिळालं नाही. मी पुस्तक तिच्याच हातात दिलं.

रोज चार पानं ठरली. जोडाक्षरापाशी ती अडखळायची, चाचा थांबायचे. मुदत वाढवायला दोघं आले तेव्हा ते म्हणाले, "आता मी दमतो, ही थांबत नाय!" केवढे हसले होते!

तीस पानं उरली असताना चाचा गेले.

पंधरा दिवसांनी ती एकटी आली. पुस्तक टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढेना.

"हॉस्पिटलमध्ये मला म्हणाले, बाकीचं उद्या वाच. आता पुढचं वाचवत नाही, मावशी."

"राहू दे तुझ्याकडे," मी म्हटलं.

ती अजून येते, दुसरी पुस्तकं नेते. कपाटांच्या मधे उभी राहून पहिलं पान उघडते आणि नकळत मोठ्याने वाचू लागते. सावकाश, एकेक शब्द सुटा, समोर कुणी ऐकत असल्यासारखी. पेपर वाचणारे मान वर करून माझ्याकडे बघतात. मी तिला गप्प करत नाही.